नातीची कावीळ उजेडानं गेली, मग अण्णांची शुगर का नाही जाणार?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"आमची द्राक्षबाग आहे. सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, बासष्ट वर्षांचे आहेत. बरीच वर्षं शुगर आहे. सासूबाईंच्या भाच्यानं त्यांना मंगल कार्यालयातल्या एका शिबिराला नेलं आणि तिथून 'प्रकाशाची गादी' घेऊन दिली. किंमत अडतीस हजार. अठरा दिले, बाकीचे माल गेल्यावर द्यायचेत. गादीत बारीक लाल दिवे आहेत आणि ती गरम होते. रोज रात्री तिच्यावर झोपलं की तीन महिन्यांत गोळ्या सुटतात असं सांगितलंय. अण्णांनी पंधरवड्यापासून गोळ्या बंद केल्यात. भाच्यानं मोबाइलवर बातम्या दाखवल्या, की इटलीत शास्त्रज्ञांनी प्रकाश गोठवला, प्रकाशाला नोबेल मिळालं. मी नको म्हटलं तर अण्णा म्हणाले, 'आपल्या चिमीला जन्मल्यावर मिरजेत निळ्या दिव्याखाली ठेवली, तिची कावीळ गेली का नाही? मग माझी शुगर का जाणार नाही?' मला उत्तर देता आलं नाही. मी बारावी सायन्स आहे, पुढचं मला कळत नाही. त्यांच्या पायाला मुंग्या येतात, गादीवर बरं वाटतं म्हणतात. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भाच्याच्या बाजूनं आहेत. घरात वाद नको आहे. काय करू?"

ताई, वाद होवो न होवो, दोन गोष्टी आधी करा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पहिली, अण्णांची शुगर आजच तपासून घ्या, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, आणि ते आकडे घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. बंद केलेल्या गोळ्या त्याच डोसात सुरू करायच्या की बदलायच्या, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. फार तहान, सारखी लघवी, उलट्या, गुंगी यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तसंच दवाखान्यात न्या.

दुसरी, ती गादी तूर्त गुंडाळून ठेवा. पायाला मुंग्या येणं हे बऱ्याचदा शुगरनं पायाच्या नसा बधिर व्हायला लागल्याचं लक्षण असतं. अशा पायाला चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, शेकायची गादी, शेकोटी यांनी मधुमेही माणसाचे पाय भाजतात आणि त्याला ते सकाळी फोड दिसल्यावर समजतं. तो फोड चिघळला की पुढं काय होतं हे मिरजेच्या दवाखान्यांत रोज बघायला मिळतं. आज रात्री अण्णांचे तळपाय बॅटरीच्या उजेडात नीट बघा, टाचा, बोटांच्या बेचक्या, सगळं. आणि हे रोजचं करा, गादी असो वा नसो.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. तुम्हाला उत्तर देता आलं नाही यात कमीपणा काही नाही, कारण प्रश्न खरोखर चांगला आहे. नातीची कावीळ उजेडानंच गेली. मग शुगर का जाऊ नये? या प्रश्नाचं सरळ उत्तर अण्णांना मिळालं पाहिजे. 'तुम्हाला नाही कळत' असं म्हणून तो उडवला तर ते गादीला आणखी घट्ट धरतील.

चिमीचं काय झालं ते आधी बघू. नवजात बाळाच्या रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साठतं, कारण त्याचं यकृत अजून ते बाहेर टाकायला तयार झालेलं नसतं. पिवळं म्हणजे काय, तर ते निळा प्रकाश शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. साधारण ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग या आकड्यानं ठरतो) निळा प्रकाश पडला की कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो, आणि यकृतानं त्यावर प्रक्रिया केली नाही तरी पित्तातून, लघवीतून निघून जातो.

हे कसं लक्षात आलं ते अण्णांना जरूर सांगा. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची जबाबदारी सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होती. मोकळी हवा आणि ऊन बाळांना चांगलं, या विश्वासानं त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ मध्ये त्यांनी एक बाळ उघडं करून डॉक्टरांना दाखवलं. सगळं अंग फिकट झालेलं, आणि एका ठिकाणी त्रिकोणी पट्टा मात्र गडद पिवळा. तेवढ्या जागेवर चादरीचं टोक आलं होतं, ऊन लागलं नव्हतं. त्यानंतर तिथल्या डॉक्टरांनी मोजमापं घेतली, दिव्यांची पेटी बनवली आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज मिरज-सांगलीतल्या बाळांच्या विभागात जो निळा दिवा दिसतो, त्याची सुरुवात या पट्ट्यापासून झाली. मला स्वतःला विज्ञानातल्या कितीतरी मोठ्या शोधांपेक्षा हा शोध जवळचा वाटतो, कारण त्या बाईंनी दिसलेली गोष्ट सोडून दिली नाही.

आता साखर. घरात काचेचे दोन पेले घ्या. एकात चिमूटभर हळद ढवळा, दुसऱ्यात चमचाभर साखर. अंधारात मोबाइलच्या बॅटरीचा उजेड दोन्हींतून भिंतीवर पाडा. हळदीच्या पाण्यातून पिवळट उजेड येईल, कारण निळा भाग हळदीनं शोषला. साखरेच्या पाण्यातून उजेड होता तसाच पलीकडे जाईल. रक्तातली साखरही विरघळलेली, रंगहीन असते. दिसणाऱ्या प्रकाशातला कुठलाच रंग ती धरत नाही. जो प्रकाश पदार्थ शोषत नाही, तो त्या पदार्थाचं काही करूही शकत नाही. लाल दिवा अण्णांच्या रक्तातल्या साखरेला ओळखतच नाही. शिवाय मधुमेहात बिघाड साखरेत नसतो. शरीरात इन्सुलिन पुरेसं तयार होत नाही किंवा असलेलं इन्सुलिन पेशी जुमानत नाहीत, तिथं बिघाड असतो. कावीळ झालेल्या बाळात नको असलेलं द्रव्य कातडीतच होतं आणि नेमका निळा उजेड धरत होतं. म्हणून तो उपाय लागू पडला.

गादीच्या पत्रकावर बहुधा 'फार इन्फ्रारेड किरण शरीरात खोलवर जातात' असं लिहिलेलं असेल, अशा गाद्यांवर असतंच. फार इन्फ्रारेड (इंग्रजीतलं 'फार', म्हणजे दूरचे; डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे) किरण खरे आहेत, यात शंका नाही. पण प्रत्येक कोमट वस्तू ते सोडते. अण्णांचं स्वतःचं अंग सोडतं, त्यांची वाकळ सोडते, चुलीवरचा तवा तर भरपूर सोडतो. माणसाच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या या किरणांची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर असते, आणि पाणी ते इतक्या चटकन शोषतं की कातडीच्या वरच्या पापुद्र्यात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच ते संपतात. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोल असतं. तिथपर्यंत काही पोचत नाही. कातडी गरम होते, ऊब पसरते, दुखरं अंग थोडा वेळ मोकळं वाटतं. अण्णांना बरं वाटतं ते खोटं नाही. पण ती ऊब आहे आणि बधिर पायांना तीच धोक्याची आहे.

भाच्यानं दाखवलेल्या बातम्यांचं आता. त्याही खोट्या नाहीत, त्यामुळेच त्या इतक्या सहज गळी उतरतात.

मार्च २०२५ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या), अंगावर मुद्दाम बारीक खाचा कोरलेल्या पातळ थरावर त्यांनी लेझर सोडला. तिथं प्रकाश आणि पदार्थ यांची अशी जोडी बनते की तिला ना शुद्ध प्रकाश म्हणता येतं ना शुद्ध पदार्थ. या जोडीला पोलॅरिटॉन म्हणतात. या पोलॅरिटॉननी घन पदार्थासारखी ठरावीक नक्षी धरली आणि तरीही ते घर्षणाशिवाय वाहणाऱ्या द्रवासारखे वागले. या अवस्थेला सुपरसॉलिड म्हणतात. बातमीदारांनी त्याचं 'प्रकाश गोठवला' केलं. हे सगळं अतिथंड केलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या तुकड्यात घडलं. घरात ठेवायच्या वस्तूचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

प्रकाशाला आवरण्याचं काम त्याच्याही आधीपासून चाललं आहे. १९९९ मध्ये लेना हाउ या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत सोडियमच्या अणूंचा एक ढग निरपेक्ष शून्य तापमानाच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असू शकत नाही त्याच्या, अगदी जवळ नेला आणि त्यातून प्रकाशाचं एक स्पंद, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडलं. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश त्या ढगात सेकंदाला १७ मीटरवर आला, म्हणजे ताशी साधारण ६१ किलोमीटर. २००१ मध्ये तर त्यांनी तो क्षणभर, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, पुरता थांबवला आणि पुन्हा सोडला. थांबलेल्या वेळात प्रकाशाची खूण अणूंमध्ये जपलेली होती. पुढं प्रकाशात माहिती साठवून ठेवायच्या प्रयत्नांना यातून बळ मिळालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, आणि अण्णांना या बातमीचं अप्रूप वाटलं याचा मला आनंदच आहे. बासष्टाव्या वर्षी प्रकाशाबद्दल कुतूहल असणारा सासरा तुम्हाला मिळाला आहे.

नोबेलचंही तसंच. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउस आणि अॅन लुइलिए यांना मिळालं. त्यांनी प्रकाशाची स्पंदं इतकी आखूड केली की अणूतल्या इलेक्ट्रॉनची हालचाल टिपता यावी. सेकंदाचा अब्जावा भाग घ्या आणि त्याचा पुन्हा अब्जावा भाग करा, तो एक अॅटोसेकंद. क्राउस यांनी २००१ मध्ये वेगळं काढलेलं स्पंद ६५० अॅटोसेकंदांचं होतं. याच क्राउस यांचा गट रक्ताच्या नमुन्यावर इन्फ्रारेडची आखूड स्पंदं पाडून त्यातल्या रेणूंचा प्रतिसाद मोजतो, रोग लवकर ओळखता येतील का हे तपासतो. ते काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, आणि त्यात रक्त शरीरातून बाहेर, नळीत काढलेलं असतं. नोबेल मिळालेल्या माणसांनी 'गोळ्या बंद करा' असं कुठंही म्हटलेलं नाही.

आणि ताई, मधुमेही माणसाला प्रकाशाच्या संशोधनाचा खरा उपयोग होतो तो डोळ्यांसाठी. हे तुम्ही अण्णांना आवर्जून सांगा. शुगर जास्त राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला, बुजायला लागतात. सुरुवातीला नजरेला काहीच जाणवत नाही. ओसीटी नावाची तपासणी असते, १९९१ मध्ये अमेरिकेत ती पहिल्यांदा मांडली गेली. जवळच्या इन्फ्रारेडचा मंद झोत पडद्यावर टाकायचा आणि प्रत्येक थरावरून परत आलेल्या प्रकाशाची दुसऱ्या झोताशी गाठ घालून तो थर किती खोल आहे ते काढायचं. पडद्याचा उभा छेद, मायक्रोमीटरच्या बारकाईनं, डोळ्याला स्पर्शही न करता स्क्रीनवर दिसतो. कुठं सूज आहे ते डॉक्टर बोट ठेवून दाखवतात. गरज पडली तर लेझरनं बारीक डाग देऊन पडद्याचा ऱ्हास रोखतात. तो लेझरही पडद्यामागचं रंगद्रव्य शोषेल अशाच रंगाचा निवडलेला असतो. एवढं सगळं सांगलीत-मिरजेत उपलब्ध आहे.

तुमच्या घरात करोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं असेल. त्यात साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड असे दोन दिवे असतात. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून तो आकडा येतो. चष्म्याचा नंबर घालवायची शस्त्रक्रिया १९३ नॅनोमीटरच्या अतिनील लेझरनं होते. हा लेझर शेजारच्या पेशी न भाजता नेमका थर उडवतो हे १९८१ मध्ये दाखवून देणाऱ्यांत मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलपटतं, तिथं कमी शक्तीचा लाल लेझर उपयोगी पडतो हेही तपासून मान्य झालेलं आहे. कुठलंही उदाहरण घ्या, रंग ठरलेला, मात्रा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि तो प्रकाश शरीरातल्या कशावर काम करतो ते माहीत असलेलं. चिमीच्या दिव्याखालीसुद्धा डोळ्यांवर पट्टी होती, दिव्याचं अंतर ठरलेलं होतं आणि मधेमधे रक्त तपासत होते. आठवून बघा.

इथंच अण्णांशी बोलायची वाट आहे, कारण हे शहाणपण त्यांच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. बागेत जीए, म्हणजे मणी वाढवायचं संजीवक, द्यायचं तर ते काय विचारतात? किती पीपीएम, छाटणीनंतर कितव्या दिवशी, मणी केवढा असताना, फवारणी की डिपिंग, म्हणजे घड बुडवून. दुकानदार म्हणाला, 'हे एकच औषध, डाउनी रोगाला चालतं, भुरी रोगाला चालतं, मणी फुगवतं, साखरही भरतं, कधीही मारा,' तर अण्णा ती बाटली हातात तरी धरतील का? मग त्यांना गादीबद्दल तेच विचारू द्या. कोणता रंग, किती नॅनोमीटर? किती मात्रा? शरीरातलं काय तो प्रकाश शोषतं? कुणावर तपासलं, आणि गादी न वापरणाऱ्यांशी तुलना केली का? हे प्रश्न तुम्ही विचारले तर सुनेनं उलटतपासणी घेतल्यासारखं होईल. भाचा घरी येईल तेव्हा अण्णांनी त्याला विचारावेत. तुम्ही फक्त आदल्या दिवशी हळदीचा आणि साखरेचा पेला त्यांना दाखवा. शक्य असेल तर हे काम तुमच्या यजमानांना बरोबर घेऊन करा.

'फसलात' हा शब्द घरात काढू नका. अण्णांनी नातीचा अनुभव घेतला, त्यावरून अंदाज बांधला. अंदाज चुकला, पण ते डोकं चालवत होते.

भाच्याबद्दल थोडं. असल्या साखळीत विकणाऱ्यानं आधी स्वतःचे पैसे घातलेले असतात आणि ते निघावेत म्हणून तो नातेवाइकांकडे येतो. बहुतेक त्याचा त्या गादीवर विश्वासही असेल. आत्याबाईंसमोर त्याचा पाणउतारा करू नका, पण उरलेले वीस हजार देऊ नका. त्याच्याकडून तीन कागद मागा: पक्कं बिल, उपचाराचं उपकरण म्हणून घेतलेला परवाना किंवा नोंदणी क्रमांक, आणि 'गोळ्या सुटतात' हे कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी लिहून. तिसरा कागद कंपनी देणार नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्यानं बंदी आहे, मधुमेहाचं नाव त्या कायद्याच्या यादीत आहे. पत्रक जपून ठेवा, शिबिराचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचे निरोप काही पुसू नका. पैसे परत मागणारं पत्र कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, आणि जाहिरातीबद्दलची तक्रार सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता त्यानंतरही मोकळा आहे. भाच्याला हेही सांगा की तक्रार कंपनीवर आहे. कदाचित त्याचेही अडकलेले पैसे सुटायला मदत होईल.

गोळ्यांवरून अण्णा अडून बसले तर डॉक्टरांना एचबीए१सी करायला सांगा. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर त्यात दिसते. आत्ताचा आकडा घ्या, गोळ्या नियमित घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, आणि दोन्ही कागद अण्णांच्याच हातात द्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या, छाटणीची गडबड असली तरी. मधुमेह असेल तर पडदा वर्षातून एकदा बघून घ्यायचाच असतो, आणि इतक्या वर्षांची शुगर आहे म्हटल्यावर हे आणखी लांबवू नका. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. तेव्हा अण्णांना एकट्यानं मोटरसायकलवर पाठवू नका, कुणीतरी बरोबर जा. शुगरचे जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि ओसीटी केली तर पडद्याचा तो छेद अण्णांना स्क्रीनवर दाखवायला डॉक्टरांना सांगा, त्यांना बघायला आवडेल.